कॅलेंडर आणि बोटं

तलंगा अंड्यावर कधी येणार, याचा हिशेब दोन ठिकाणी चालायचा. ह्यांचा कॅलेंडरवर, शेजारच्या काकूंचा बोटांवर. पिलं घेतली मृग लागताना, नाचणगावात फिरून विकणाऱ्याकडून. 'वनराजा' आहेत म्हणाला. असतील. काही तर थेट गावरानच निघाली.

आधी वेगळे पडले ते नर. दोनेक महिन्यांतच त्यांचे तुरे लाल व्हायला लागले, तलंगांचे मात्र फिके पिवळटच. पुढे मानेवरची पिसं पाहिली की शंका उरत नाही. कोंबड्याची लांब, टोकदार, चकाकती, तर तलंगांची टोकाशी गोल. दसऱ्याच्या सुमारास एकाने पहाटे बांग द्यायला सुरुवात केली, पण अर्ध्यावरच आवाज फाटायचा. पुलगावकडून मालगाडीचा भोंगा आला की हा पुन्हा जोर लावायचा. कोंबडे एकमेकांना रक्तबंबाळ करू लागले, तेव्हा एक सोडून बाकीच्यांचा रस्सा झाला.

मार्गशीर्ष लागला तरी अंड्याचा पत्ता नाही. खाद्य बदलू या, म्हणून ह्यांनी धोशा लावला. काकू म्हणाल्या, "काहून घाई करून राहिले जी? दिवस लहान आहे ना." ते खरंच. कोंबडीचं अंड्यावर येणं वयाइतकंच उजेडावरही असतं. पोल्ट्रीवाले पहाटे बल्ब लावून चौदा-सोळा तासांचा उजेड पुरवतात. आमच्याकडे डिसेंबरातला दिवस जेमतेम अकरा तासांचा.

काकू तलंग बगलेत धरायच्या, तिचं तोंड मागे, आणि शेपटीखालच्या दोन हाडांची टोकं चाचपायच्या. मध्ये एकच बोट मावलं तर "पोट्टीच आहे अजून." दोन-तीन मावली, हाडं लवचिक लागली, की अंडं जवळ आलं. काळीच्या हाडांत दोन मावली तेव्हा त्यांनी माझंही बोट तिथे टेकवलं. तिचा तुरा एव्हाना लालभडक झाला होता. पाठीवर हात नेला की आधी पळायची, आता पंख जरा पसरून जागीच दबून बसायची. "तुलेच कोंबडा समजून राहिली वो ते," म्हणत काकूंनी पदर तोंडाला लावला. दिवसभर काळीची घशातल्या घशात कुरकुर. तुराट्यांमागे, कुटाराच्या ढिगात, चुलीजवळच्या टोपल्यात शिरून जागा बघणं चालूच.

मग मी शिंपल्यांचा चुरा वाटीत वेगळा ठेवू लागले. ज्यांना गरज त्या खातात. वाढत्या पिलांच्या खाद्यात आधीपासून जास्त कॅल्शियम घातलं, तर त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.

पहिलं अंडं संक्रांतीनंतर मिळालं. टोपलं सजवून ठेवलं होतं, बाईनं घातलं कुटारात. लिंबाएवढं, कवचावर रक्ताची बारीक रेघ. "पहिलं आहे, राहते तसं," म्हणून काकूंनी ते पदराला पुसलं आणि लगेच लालीला बगलेत घेतलं. एकच बोट! लालीनं अंड्यावर यायला होळी गाठली.