औषधाची रिकामी बाटली

लालबाग, रविवार दुपार

चि. राणीस,


तुझा फोन आला तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, म्हणून धड बोलणं झालं नाही. नायजेरिया, कालाबारवरून पुढे ओगोजाच्या बाजूला, कॅमेरूनमधून आलेल्या निर्वासितांच्या वस्तीत तू निघाली आहेस, एवढं कानावर पडलं. तुझ्या आईचं रडणं चालू आहे, दोन दिवसांनी थांबेल. मला मात्र कालाबार म्हटल्याबरोबर मेरी स्लेसर आठवली. नर्सिंगला असताना रात्रपाळीत तिचं चरित्र वाचलं होतं, पेशंट झोपले की टेबलाखाली धरून.

मिशनरी बाई म्हणून तू नाक मुरडशील. मुरड, पण आधी ऐकून घे.

ती स्कॉटलंडची, जन्म 1848 चा. बाप जोडे शिवायचा. दारूने धंदा बुडाला आणि 1859 मध्ये बिऱ्हाड डंडीला आलं, गिरण्यांच्या गावात. अकराव्या वर्षी मेरी गिरणीत लागली, अर्धा दिवस साचा आणि अर्धा दिवस शाळा. चौदाव्या वर्षापासून पुरती पाळी, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. साच्यावर पुस्तक टेकवून वाचायची. शनिवारी रात्री आई आपल्या तोंडचा घास राखून बापासाठी ताट झाकून ठेवायची. तो झिंगत यायचा, ते ताट चुलीत भिरकावायचा आणि पोरीला रस्त्यावर काढायचा. तुझे आजोबा साचेखात्यात होते हे तुला ठाऊक आहे. पगाराच्या रात्री आजी जिन्याच्या तोंडाशी का उभी राहायची, हे तुझ्या बाबांनी तुला सांगितलं नसेल. मीही सांगणार नाही. पण त्या पानावर मी पुस्तक मिटलं होतं आणि वॉर्डात एक फेरी मारून आले होते.

1876 च्या ऑगस्टमध्ये ती मिशनरी म्हणून कालाबारला जायला बोटीत बसली. बोटीवर आफ्रिकेत विकायच्या दारूची पिंपं रचलेली. दारू बघूनच निघाली आणि दारूबरोबरच पोचली. कालाबारमध्ये पूर्वी माणसं विकली जायची, तिच्या वेळी पामतेल. तिथली एफिक भाषा ती अशी शिकली की तिथल्या लोकांशी त्यांच्याच भाषेत भांडू शकायची. पगारातला बराचसा भाग डंडीला आईला आणि बहिणींना पाठवायची आणि स्वतः त्या लोकांसारखं यामवर राहायची. याम म्हणजे कंदच, आपल्या सुरणासारखा. लोकांनी याला त्याग म्हटलं. मला त्यात मनिऑर्डर करणारी गिरणीतली मुलगी दिसते. अनवाणी हिंडायची, पाणीही गाळायची-उकळायची नाही. तापाने कितीदा मरता मरता वाचली. एवढं एक तू तिच्याकडून घेऊ नकोस.

1888 मध्ये ती आत ओकोयाँगला गेली, एकटी, सांभाळायला घेतलेली पोरं बरोबर. लग्न ठरलं होतं, तेही मोडलं: मिशनच्या मंडळाने त्या तरुणाला तिकडे जायची परवानगी दिली नाही आणि हिने ओकोयाँग सोडलं नाही. तिथे जुळं झालं की त्यातलं एक पिशाच्चाचं मानत. कुठलं ते कळायचं नाही, म्हणून दोन्ही मारून टाकत आणि बाळंतिणीला गावाबाहेर घालवत. ती जुळी हिने उचलून आणली, वाढवली. सगळे चरित्रकार इथेच रेंगाळतात. मला खरी बाई दिसते ती एटिमच्या मरणात.

एटिम हा ओकोयाँगमधल्या एकेंगे गावच्या प्रमुखाचा, एडेमचा मुलगा. घरासाठी आणलेला ओंडका अंगावर पडला. मेरीने दोनेक आठवडे त्याची शुश्रूषा केली, पण गेला. माणूस असा उगाच मरत नाही, कुणीतरी करणी केली असणार, ही तिथली समजूत. देवऋषीने एका गावाकडे बोट दाखवलं, तिथली माणसं साखळ्यांनी बांधून आणली. त्यांना एसेरेची विषारी बी पाजायची, जो मरेल तो गुन्हेगार. (याच बीमधून पुढे काढलेलं फायसोस्टिग्मिन डोळ्याच्या काचबिंदूवर वापरायचे.) मेरीने प्रवचन दिलं नाही. एवढा मोठा मुलगा गेला, त्याचा मान तरी नको का राखायला, म्हणाली. मिशनच्या पेटीतले चांगले कपडे काढले. मड्याला सूट चढवला, रेशमी कापडं गुंडाळली, डोक्याला रेशमी फेटा, त्यावर पिसं. छत्रीखाली खुर्चीत बसवलं, हातात काठी दिली आणि समोर आरसा ठेवला, त्याला स्वतःचा थाट दिसावा म्हणून. लोक बघून खूश झाले, नाचले. तिकडे ती आणि घर बांधायला आलेला एक सुतार आळीपाळीने त्या कैद्यांपाशी दिवसरात्र बसून. हळूहळू एकेक सुटला. थडग्यात शेवटी गेली ती फक्त एक गाय.

आता तुझ्या मनात येईल, हे तिला एकटीला जमलं? नाही जमलं. एडेमची बहीण होती, मा एमे. विधवा, घरात वजन असलेली. कुठे काही घाट घातला जातोय असं दिसलं की ती मेरीकडे औषधाची रिकामी बाटली भरायला पाठवायची. बाटली आली की समजायचं, आज रात्री झोपायचं नाही. भावाच्या घरात राहून हे करणं म्हणजे काय, ते सांगायला नको. पुतळे मेरीचे झाले, स्कॉटलंडच्या दहा पौंडांच्या नोटेवरही तीच आली. मा एमेचा पुतळा मला कुठे दिसला नाही.

आणि दुसरी बाजूही सांगते. 1892 मध्ये इंग्रज सरकारने मेरीला तिथली व्हाइस-कॉन्सल केलं, म्हणजे न्यायनिवाडा तिच्या हाती. विणकाम करत निवाडे द्यायची, कुणी खोटं बोललं तर मुस्कटातही मारायची. ज्यांना वाचवलं त्यांच्यावरच राज्य करणाऱ्यांची ती माणूस होती, हे नाकारता येत नाही. मला तो भाग वाचताना अजून खटकतं. मिशनऱ्यांना फटकारणारी इंग्रज प्रवासी लेखिका मेरी किंग्सली तिच्याकडे राहून आली आणि तिचं कौतुक लिहिती झाली, पण म्हणून खटकणं जात नाही.

1896 मध्ये बाजार सरकला, म्हणून मेरीने मुक्काम आकपापला हलवला. पाठोपाठ देवीची साथ आली. एकेंगे ओस पडलं. मेरी परत गेली, आपल्या जुन्या घरात रोगी घेतले. एडेमही गेला. हात लावायला कुणी उरलं नव्हतं. तिने स्वतः फळ्या जोडून पेटी केली, खड्डा खणला, आणि ज्याच्याशी वर्षानुवर्षं भांडली त्याला रात्री एकटीने पुरलं.

मेरी 1915 च्या जानेवारीत गेली. मा एमे शेवटपर्यंत ख्रिस्ती झाली नाही. मेरीला त्याचं वाईट वाटायचं. बाटली मात्र येत राहिली.

तुझी,
आत्या

ता. क. पिवळ्या तापाची लस वेळेत घे आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेव. मेतकूट दोन पुड्यांत बांधलंय, एक तिथल्या सिस्टरना दे.