कोरड्यास

सरावलीत आमच्याकडे भाकरी म्हणजे तांदळाची, आणि सोबत कालवण. जानेवारी २०२६ मध्ये आम्ही मित्र साताऱ्याला ९९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला गेलो. अध्यक्ष होते विश्वास पाटील. दुपारी गावातल्या खानावळीत ज्वारीची भाकरी आली. वाढणाऱ्या मावशींनी विचारलं, "कोरड्यास देऊ?" मी म्हटलं, "म्हणजे?" आलं ते चक्क पातळ रस्सा! समोरचे आजोबा म्हणाले, "कोरडी भाकरी नुसती कशी खाणार? तिच्यासाठी म्हणून कोरड्यास."

कॉन्व्हेंटमध्ये मराठी शिकलो ती मार्कांपुरती. तिथे हा शब्द कधी भेटलाच नाही. मित्रहो, आपल्या मेसच्या टेबलावरही रोज चार जिल्ह्यांची मराठी जेवायला बसते. मोबाईल बाजूला ठेवून विचारून तर बघा, तुमच्याकडे रश्शाला काय म्हणतात?