मुक्कामी गाडी

अनोळखी मुलखात निघताना मी आधी परतीची गाडी विचारते, जाण्याची नंतर. शहापूर-मुरबाडकडे फिरताना ही सवय पक्की झाली. तालुके शेजारचे, पण शहापूरला आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी स्टेशनं लागतात, तर मुरबाडला रेल्वेच नाही. कल्याणला उतरून एसटीच धरावी लागते.

डोळखांब, धसई या बाजूच्या आतल्या गावांत जायचं तर मुक्कामी गाडी समजून घ्यायला हवी. ती संध्याकाळी तालुक्याहून निघते, शेवटच्या गावात ड्रायव्हर-कंडक्टरसह रात्र काढते आणि सकाळी कॉलेजची मुलं, बाजारकरी, कचेरीत काम असलेली माणसं घेऊन परतते. वेळा गावाच्या सोयीनं ठरलेल्या असतात. शहरातून सकाळी निघणारा पाहुणा नेमका उलट्या दिशेनं जातो आणि गाड्याच नाहीत म्हणून कुरकुरतो. माझं मत स्पष्ट आहे: वेळ आपण बदलावी. संध्याकाळच्या गाडीनं जावं, गावात राहावं, सकाळी त्याच गाडीनं निघावं. राहायची सोय कुठं होईल, हे बहुतेक वेळा कंडक्टरला ठाऊक असतं.

एसटी स्टँडच्या खिडकीवर सुटण्याची वेळ कळते. पण पावसात मोरीवर पाणी आलं, तर गाडी अलीकडूनच वळते. ती आज कुठवर जाईल, हे बोचकं घेऊन बसलेल्या बाईला विचारावं. ‘मावशी, तुम्ही कशानं जाणार?’ एवढं पुरतं. गाडी चुकली तर जीप असते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. बाजाराच्या दिवशी लवकर भरते, एरवी बसून राहायची तयारी हवी. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा सुरू झाली की मुरबाडकडची सगळी गर्दी तिकडे वळते. त्या दिवसांत वेळापत्रकावर विसंबू नये.

माळशेजच्या रस्त्याचं तंत्र निराळं. तिथं जुन्नर, अहिल्यानगरकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या मिळतात. टोकावडे, वैशाखरे ओलांडून नाणेघाटाच्या पायथ्याशी उतरायचं, तर तिकीट काढतानाच थांब्याची खात्री करून घ्यावी. सातवाहनांच्या काळी कोकणच्या बंदरांतला माल या घाटानं जुन्नरला चढत होता. माथ्यावर सातवाहन राणी नागणिकेचा लेख आहे, जकातीचा म्हणतात तो दगडी रांजणही आहे. इथली खरी वाहतूक किती जुनी, ते पायी चढल्यावरच उमगतं.

मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना शाळा-कॉलेजसाठी पास मोफत आहे. सकाळच्या त्या गाडीत दप्तरं घेतलेल्या मुली उभ्यानं येतात, तेव्हा या सवलतींचा अर्थ दिसतो. पण पास गाडी असली तरच चालतो. तेव्हा उत्पन्न कमी म्हणून मुक्कामी फेरी बंद करायची वेळ आली, तर तिकिटांच्या रकमेआधी त्या मुलींची संख्या मोजावी.