मनीचा श्वास

चौदा वर्षे घरात राहिलेले मांजर पुढे पुढे त्या घराचे वेळापत्रकच होऊन बसते. डेन्व्हरच्या आमच्या घरात पहाट मनीच्या पंजाने होई. २०१९ च्या हिवाळ्यात तो पंजा उशीशी येईनासा झाला आणि तपासणीत तिची मूत्रपिंडे थकल्याचे निदान झाले. म्हाताऱ्या मांजरांत हा विकार सर्रास आढळतो. पथ्याचे खाणे आणि कातडीखालून दिले जाणारे सलाइन यांनी त्याची चाल मंदावते. मूत्रपिंडाचा निकामी झालेला भाग मात्र परत येत नाही.

त्यामुळे जवळच्या एका लहान दवाखान्यात मूलपेशींचा विषय निघाला, तेव्हा मी अधाशासारखा ऐकत राहिलो. दुसऱ्या निरोगी मांजराच्या चरबीतून काढलेल्या, प्रयोगशाळेत वाढवून गोठवलेल्या पेशी शिरेवाटे सोडायच्या. उपचार प्रायोगिक असल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते, कागदावर तसे लिहिलेलेही होते. पण माझ्या मनाने एकच गोष्ट धरून ठेवली होती : या तर मांजराच्याच पेशी, औषध नव्हे, त्यांनी अपाय कसला व्हायचा?

सुई लागली. काही मिनिटांतच मनीचा श्वास बदलला. तिच्या कुशी भात्यासारख्या हलू लागल्या, तोंड किंचित उघडे पडले. डॉक्टरांनी तत्काळ थेंब थांबवले, प्राणवायू लावला. तासाभराने ती सावरली. मी मात्र सावरलो नाही.

त्या रात्री मी जे वाचले, ते आधी वाचायला हवे होते. औषध रक्तात विरघळते, पेशी विरघळत नाही. शिरेतून सोडलेली कोणतीही गोष्ट प्रथम हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तेथून थेट फुप्फुसात जाते. मूत्रपिंडाची पाळी त्यानंतरची. फुप्फुसातल्या केशवाहिन्यांची रुंदी दहा मायक्रॉनच्या आत असते. वाढवलेली मूलपेशी मात्र पंधरा ते तीस मायक्रॉनची. साहजिकच बहुतेक पेशी तेथेच अडकतात. शिवाय चरबीतून काढलेल्या या पेशींच्या पृष्ठभागावर रक्त गोठण्याची क्रिया सुरू करणारे ‘टिश्यू फॅक्टर’ नावाचे प्रथिन असते. गोठवून वितळवताना काही पेशी मरतात आणि मेलेल्या पेशींच्या गुठळ्या होतात. ज्या द्रावात त्या वाढवल्या, त्यात पुष्कळदा गोवंशीय गर्भाचे रक्तद्रव असते. त्याचे अंश राहिले तर प्राण्याची प्रतिकारशक्ती त्यांच्यावरही उठू शकते.

सर्वांत अधिक बोचली ती एक जवळचीच गोष्ट. आमच्यापासून तासाभरावर असलेल्या फोर्ट कॉलिन्सच्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठात मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी मांजरांवर हाच प्रयोग झाला होता आणि त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले होते. गोठवलेल्या पेशींची मात्रा वाढवली तेव्हा पाचपैकी चार मांजरांचा श्वास वाढला, दोघांना उलट्या झाल्या. ताज्या वाढवलेल्या पेशी दिल्या, तेव्हा असा त्रास दिसला नाही. म्हणजे धोका ‘मूलपेशी’ या शब्दात नव्हता. तो पेशींची संख्या, त्यांची साठवण आणि त्या देण्याची रीत यांत होता. नेमके हेच तीन प्रश्न मी विचारले नव्हते. पुढे २०१६ साली औषधहीन द्रावाशी तुलना करणारा अभ्यास आला. त्यात मूत्रपिंडाच्या कामात लक्षणीय सुधारणा दिसली नव्हती.

याचा अर्थ हे संशोधन थांबावे असा मी घेत नाही. अनेक जनावरांना अशा पेशी निर्वेधपणे दिल्या गेल्या आहेत, आणि २०१५ पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची प्राण्यांसाठीच्या पेशीजन्य उत्पादनांबाबत स्वतंत्र मार्गदर्शिकाही आहे. माझी खंत वेगळी आहे. संशोधनात ज्याला ‘दुष्परिणाम’ म्हणून मोजतात, ते माझ्या घरात एका जिवाचे घाबरणे होते; आणि त्या जिवाला आपण कशासाठी घाबरतो आहोत हे कळण्याचा मार्ग नव्हता. माणूस उद्याच्या आशेवर आजचा त्रास सोसतो. मांजरापाशी उद्या नसतो. तिच्या वाट्याला त्रास तेवढा आला, आशा सगळी माझी होती.

साताऱ्याला आईला फोनवर हे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “अरे, मुक्या जिवाचं आहे. तिच्या वतीनं तूच विचारायचं होतंस ना?”

पुढच्या फेऱ्या मी रद्द केल्या. मनी आणखी सात महिने जगली. त्या पेशींमुळे की त्यांना न जुमानता, हे एका मांजरावरून कोणालाच सांगता येणार नाही. शेवटचे काही आठवडे तिचा पंजा पुन्हा पहाटे उशीशी येऊ लागला होता. संमतीपत्राची प्रत अजून माझ्या खणात आहे. त्यावर ‘मालक’ या शब्दापुढे माझी सही आहे; मनीसाठी त्यावर जागाच नव्हती.