मार्कंड्याची वाट

फराळ आटोपला की आपली मंडळी महाबळेश्वर-माथेरानची वाट धरतात. यंदा जरा पूर्वेकडे पाहा. चंद्रपूरहून मूलमार्गे वैनगंगा ओलांडली, की गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ मार्कंडा हे गाव लागते. अंतर सुमारे ७० किलोमीटर. सायकलीने जायचे तर मूलला मुक्काम करून दोन दिवस. दक्षिणेकडे धावणारी वैनगंगा येथे वळून उत्तरवाहिनी होते. काठावर शिल्पांनी नटलेली प्राचीन शिवमंदिरे आहेत. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते.

मात्र ही वाट वाघांच्या मुलखातून जाते. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. पण वाघ काही हद्दीचे दगड मानीत नाहीत. सरपणाला, मोहफुलांना रानात गेलेली कित्येक माणसे अलीकडच्या वर्षांत प्राणास मुकली आहेत. म्हणून ऊन वर आल्यावर निघावे, दिवस कलण्याआधी गाव गाठावे, एकट्याने जाऊ नये. गावकरी 'थांबा' म्हणाले, तर मुकाट थांबावे. आपण दोन दिवस हौसेने जातो. त्यांना त्याच रानात रोज पोटासाठी जावे लागते. रानाची वेळ त्यांच्याइतकी कोणाला कळणार?