वेरूळच्या दोन भिंती

वेरूळला येणारा यात्रेकरू बहुधा कैलास लेण्यापाशी थकतो. १६ व्या क्रमांकाचे ते अजस्र देऊळ पाहून डोळे निवतात, पाय बोलू लागतात, आणि जवळच्या घृष्णेश्वराचे दर्शनही साधायचे असते. ३४ लेण्यांपैकी ३० ते ३४ ही पाच जैन लेणी डोंगराच्या उत्तर टोकाला, बाकीच्यांपासून अंतर राखून आहेत. मधल्या मोकळ्या रस्त्याने तिकडे जाणारे थोडे. खेदाची गोष्ट अशी, की आपल्या समाजातील कुटुंबेही पुष्कळदा गाडीतूनच हात जोडतात आणि हिमरू शालींच्या खरेदीसाठी शहराची वाट धरतात.

जे तिकडे जातात, ते ३२ व्या लेण्याच्या अंगणात आपोआप थांबतात. लोक त्याला इंद्रसभा म्हणतात. हे नाव गैरसमजातून आले आहे. वरच्या मजल्यावर वटवृक्षाखाली हत्तीवर बसलेल्या यक्षाला कोणीतरी इंद्र समजले, आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेल्या अंबिकेला इंद्राणी समजले, आणि तेच रूढ झाले. अंगणात मध्यभागी अखंड दगडातून कोरलेले चौमुखी मंदिर आहे, एका बाजूस पूर्णाकृती हत्ती, दुसऱ्या बाजूस मानस्तंभ. मानस्तंभाचे प्रयोजन आपण जाणतोच: मंदिरात शिरण्यापूर्वी त्याकडे पाहावे आणि अभिमान बाहेर ठेवावा. हत्ती आणि हा स्तंभ दोन्ही लक्षात असू द्यावेत, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

परंतु माझ्या मते इंद्रसभेचे खरे बोलणे अंगणात नाही, ते आत आहे. राष्ट्रकूट काळातील, सुमारे ९ व्या-१० व्या शतकांतील या लेण्यांत एक जोडी पुन्हा पुन्हा भेटते. एका बाजूच्या भिंतीवर भगवान पार्श्वनाथ, दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर बाहुबली. दोघेही खड्गासनात, दोघांचे हात सारखेच सरळ खाली सुटलेले, दोघांची दृष्टी सारखीच स्थिर. आसन एक, मुद्रा एक. भोवतालचे चित्र मात्र अगदी निराळे.

पार्श्वनाथांच्या भोवती गर्दी आहे. कोणी डोक्यावर शिळा उचलली आहे, कोणी महिषावर बसून चालून येतो आहे, कोणी सिंहावर. हा कमठाचा उपसर्ग. वर धरणेंद्राचा फणा आहे, बाजूला पद्मावतीने छत्र धरले आहे. बाहुबलींच्या भोवती असे काहीच नाही. पायांवरून आणि बाहूंवरून वेली चढल्या आहेत, पायाशी सर्प, विंचू, हरिण विसावले आहेत, आणि दोन्ही अंगांस दोन स्त्रिया उभ्या आहेत. शत्रू नाही, शस्त्र नाही.

आमच्या संघाबरोबर एक भुसार व्यापारी होते. वय साठीच्या पुढचे. सारे त्यांना तात्या म्हणत. अकरा वर्षे त्यांनी पहाटेचा योगवर्ग चुकवलेला नाही: सूर्यनमस्कार, प्राणायाम, शेवटी शवासन. रक्तदाब आटोक्यात आला, गुडघे वळू लागले, डॉक्टर प्रसन्न आहेत. पार्श्वनाथांसमोर ते बराच वेळ रमले. प्रत्येक आकृतीकडे बोट करून हा कोण, हा काय फेकतो आहे, असे विचारत राहिले. मग वळून दुसऱ्या भिंतीपाशी आले, वरपासून खालपर्यंत पाहिले आणि बरोबरच्या पंडितजींना म्हणाले, “पंडितजी, या बाजूला कमठ कुठे आहे?”

पंडितजी म्हणाले, “या बाजूला कमठ नाही, तात्या.”

तात्या काही बोलले नाहीत. त्यांच्या प्रश्नामुळेच मला त्या दोन भिंती प्रथम नीट दिसल्या, असे म्हणायला हरकत नाही.

दोन्ही कथा भावाभावांच्या आहेत, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. कमठ हा परका दैत्य नव्हे. पहिल्या भवात तो मरुभूतीचा थोरला भाऊ होता. त्याने धाकट्याच्या पत्नीशी दुराचार केला आणि राजाने त्याला हद्दपार केले. पुढे मरुभूती स्वतः होऊन क्षमा मागायला गेला, तेव्हा कमठाने शिळेने त्याचा प्राण घेतला. अपराध सर्वस्वी थोरल्याचा होता. तरीही मरुभूतीला पुढचा जन्म मिळाला तो हत्तीचा, कारण मरणसमयी त्याचे चित्त वेदनेने आर्तध्यानात गेले होते. घाव कमठाचा होता, आर्तध्यान मात्र ज्याचे त्याचे. कथेचा हा बारकावा कठोर वाटतो, पण तो जैन विचाराच्या गाभ्याशी आहे. या मरुभूतीचा जीव दहाव्या भवात पार्श्वनाथ झाला. तेव्हाही कमठाचा जीव वैर घेऊन आला, परंतु या वेळी घेणाराच कोणी उरला नव्हता.

दुसरी भिंत वाटणीची आहे. भरताला चक्रवर्तीपद हवे होते, बाहुबलींना पित्याने दिलेले राज्य सोडायचे नव्हते. सैन्ये लढवण्याऐवजी दोघा भावांनीच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध करावे असे ठरले. तिन्हींत बाहुबली जिंकले, आणि जिंकल्या क्षणीच त्यांना राज्याचा वीट आला. सर्व सोडून ते वर्षभर प्रतिमायोगात उभे राहिले. वेली चढल्या, वारुळे उठली. शरीराच्या साधनेत तिळमात्र उणीव नव्हती. तरी केवलज्ञान होईना.

काय अडले होते, याबाबत आपल्या दोन परंपरा दोन उत्तरे देतात. अमोघवर्षाच्या काळातील जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणाप्रमाणे, माझ्यामुळे भरताला क्लेश झाला हा सल बाहुबलींच्या मनात राहिला होता. भरताने येऊन पूजा केली, तेव्हा तो सल गेला. हेमचंद्राचार्यांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्राप्रमाणे अडथळा अभिमानाचा होता. ९८ धाकट्या भावांनी आधी दीक्षा घेतली होती, पित्याकडे गेलो तर त्यांना वंदन करावे लागेल, ही ती अडचण. ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी आल्या आणि त्यांनी भावाला हत्तीवरून उतरण्यास सांगितले. बाहुबली विचारात पडले, मी तर जमिनीवर उभा आहे, हत्ती कुठला? मग उमगले, आणि वंदनासाठी पाऊल उचलताच ज्ञान झाले. भिंतीवरच्या त्या दोन स्त्रियांना कोणी वेली दूर करणाऱ्या विद्याधरी मानतात, कोणी ब्राह्मी-सुंदरी. लेणी दिगंबर परंपरेची असल्याने विद्याधरी मानणे अधिक युक्त. तरी बाहेर अंगणातला दगडी हत्ती पाहून बहिणींचे बोलणे आठवल्याशिवाय राहत नाही.

सल म्हणा वा अभिमान म्हणा, तो बाहुबलींचा स्वतःचा होता. भरताने तो दिला नव्हता, भरत तो परत नेऊ शकत नव्हता.

आजकाल योग हा शब्द आपण फार सैल वापरतो. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी मन, वचन आणि काया यांच्या क्रियेलाच योग म्हटले आहे आणि कर्माच्या आस्रवाचे ते द्वार सांगितले आहे. पुढे हरिभद्रसूरींनी योगबिंदू व योगदृष्टिसमुच्चय लिहिले, हेमचंद्राचार्यांनी कुमारपाल राजासाठी योगशास्त्र रचले, तेव्हा मोक्षाशी जोडणारी साधना हा अर्थ आपल्याकडेही रुजला. मला स्वतःला पहिला अर्थ विसरणे धोक्याचे वाटते. चटईवर शरीर निश्चल असताना मनाचा योग चालूच असेल, तर दार उघडेच आहे.

कायोत्सर्गाचे शास्त्र या बाबतीत फार सावध आहे. पायांत चार अंगुळे अंतर, हात सुटे, ९ णमोकार म्हणजे २७ श्वासोच्छ्वास, हे आपण लहानपणीच शिकतो. ३२ दोषही मोजून ठेवले आहेत: भिंतीला टेकणे, खांबाचा आधार घेणे, घोड्यासारखा एक पाय वाकवणे, वेलीसारखे डोलणे. पण मूलाचारात याहून मोलाचा एक भेद आहे. शरीर उभे आणि चित्तही धर्मध्यानात उभे, तो उत्थितोत्थित. शरीर उभे पण चित्त आर्त-रौद्र विचारांत बसलेले, तो उत्थितनिविष्ट. बसून केलेल्या कायोत्सर्गाचेही असेच दोन प्रकार. बाहेरून पाहणाऱ्याला पहिल्या दोघांत काहीच फरक दिसणार नाही. दोन भिंतींवरील दोन मूर्तींत तरी कुठे दिसतो?

दुपारी जेवणानंतर तात्यांनी आपली हकीकत सांगितली. २५ वर्षांपूर्वी दोघा भावांची पेढी वेगळी झाली. गोदाम, काटे, बारदान, उधारीच्या वह्या, सगळ्याची वाटणी पंचांसमोर झाली, शेवटचा रुपयाही मिटला. भावाचे दुकान आजही रस्त्यापलीकडे आहे. मिटले नाही ते एक वाक्य. दिवाणजींसमोर भाऊ म्हणाला होता, “दुकान वडिलांनी वाढवले, तू नुसता गल्ल्यावर बसलास.” तात्या म्हणाले, “शवासनात शिक्षक सांगतात, शरीर सैल सोडा. मी सोडतो. मग ते वाक्य येते. रोज येते. इतकी वर्षे मी समजत होतो, की ते भाऊ बोलतो आहे.”

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. असे काही ऐकले, की आपल्यातील शहाणी माणसे चटकन म्हणतात, सोडून द्या, क्षमा करा. व्यापारी माणसाला हा सल्ला रुचत नाही, आणि रुचू नये. ज्याचे देणे आहे त्याने द्यावे, येणे असेल तर हक्काने मागावे. भावाचे शब्द अन्यायाचे होते आणि त्यांचे कर्म भावाच्या खाती पडले. परंतु २५ वर्षे त्या शब्दांवर रोज पहाटे चढत गेलेले व्याज कोणाच्या खाती लिहायचे? ज्याच्या वहीत ते लिहिले जाते, त्याच्याच. भाऊ मूळ रक्कम घेऊन आला असता तरी हे व्याज त्याला फेडता आले नसते.

श्वेतांबर परंपरेत कषायाची मुदत सांगितली आहे. पाण्यावरच्या रेघेसारखा क्रोध पंधरवड्यात मिटतो, वाळूवरच्या रेघेसारखा चार महिन्यांत, भुईच्या भेगेसारखा वर्षात. त्यापुढे गेलेला क्रोध डोंगराच्या कड्याला गेलेल्या तड्यासारखा, अनंतानुबंधी. मानाच्या चढत्या उपमा वेल, लाकूड, हाड आणि शेवटी दगडी खांब अशा आहेत. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमण या मुदतींशी जुळते. मूलाचारात त्यासाठी कायोत्सर्गाचे माप दिवसाला १०८, पक्षाला ३००, चार महिन्यांना ४०० आणि वर्षाला ५०० उच्छ्वास असे आहे. रोजमेळ रोज लिहावा, खतावणी वेळेवर करावी, वर्ष उलटू देऊ नये, हा ज्यांच्या हाडीमांसी खिळलेला नियम आहे, त्या आपल्या घरांतून संवत्सरीला वा क्षमावाणीला आलेले निरोप मात्र हजारो लोकांना एकाच वेळी मोबाइलवरून जातात. ज्या एका माणसाला जायला हवा, त्याला तो बहुधा जात नाही. दीर्घ श्वसनाने रक्तदाब उतरतो, त्याचे मोल कमी नाही. पण त्या शांततेत जे वर येते, ते कोणाचे हे ओळखण्यापूर्वीच चटई गुंडाळली, तर साधना अर्धीच राहते.

ऊन उतरल्यावर आम्ही डोंगरावर गेलो. तेथे पार्श्वनाथांची सुमारे १६ फुटांची मूर्ती आहे आणि इ.स. १२३४-३५ चा शिलालेख आहे, त्यात या डोंगराचा चारणाद्री असा उल्लेख येतो. खालची लेणी कोरून झाल्यावरही कित्येक शतके येथे श्रावकांचा राबता होता, हे त्यावरून कळते. आजही पूजा चालते. आरतीनंतर मंडळी उतरू लागली, तात्या मागे राहिले. शिक्षक सांगतात तसे नव्हे, लहानपणी शिकलो तसे, पायांत चार अंगुळे अंतर ठेवून ते उभे होते. खाली आल्यावर मला म्हणाले, “नवव्या श्वासाला आलेच ते वाक्य. या वेळी आवाज नीट ऐकला. माझाच आहे.”

“मग?”

“मग काय, पुन्हा एकपासून मोजायला लागलो. दुसऱ्यांदा चौदापर्यंत गेलो.”

वेरूळला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. मंगळवारी लेणी बंद असतात. डोंगराची ही कडा पश्चिमाभिमुख आहे, म्हणून इंद्रसभा दुपारनंतर पाहावी. उतरते ऊन आत शिरते आणि दोन्ही भिंती उजळतात. कैलास आधी पाहायचेच असेल तर पाय राखून पाहावे. संघात वृद्ध मंडळी असतील तर जैन लेण्यांपर्यंत वाहन न्यावे, आणि अंगणातल्या हत्तीजवळ सावली पाहून त्यांना थोडा वेळ बसू द्यावे.