उनपदेवच्या वाटेवर

अडावद सोडून सातपुड्याकडे वळलो की केळीच्या बागा मागे राहतात आणि पायाखाली काळा दगड लागतो. चोपडा तालुक्यातल्या उनपदेवला आम्ही नववीच्या मुलामुलींना घेऊन चालत निघालो होतो. एका मुलीला घरून एकटीला परवानगी नव्हती, म्हणून तिच्या दादी सोबत आल्या. हज करून आलेल्या, पण चालायला पोरांपेक्षा चपळ!

इथे गोमुखातून बारा महिने गरम पाणी पडते. पौषात हिंदू बांधवांची यात्रा भरते, पण खरूज-नायट्यासाठी आंघोळीला सगळेच येतात. ज्वालामुखीचा धडा नुकताच झालेला, त्यामुळे पोरांच्या मनात एकच धास्ती : ‘‘सर, खाली आग आहे का?’’

आग होती, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा थरावर थर पसरत गेला. आजही त्याने सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. आपली कापसाची काळी माती त्याच दगडाची. ती आग केव्हाच विझली. पावसाचे पाणी तड्यांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि वर येते, एवढेच. भारतातला जागता ज्वालामुखी एकच, अंदमानच्या समुद्रातले बॅरन बेट. 1991 पासून तो पुन्हा धुमसतो आहे.

हे ऐकून दादी म्हणाल्या, ‘‘मदीनेला जाताना बसमधून असाच काळा पत्थर दिसला होता. मला वाटलं, जमीन जळाली आहे.’’

खरेच जळाली होती. अरबीत अशा मैदानाला ‘हर्रा’ म्हणतात. हिजरी 654 मध्ये, म्हणजे 1256 साली, आधी भूकंपाचे धक्के बसले, मग मदीनेबाहेर जमीन फाटून लाव्हा वाहू लागला. उद्रेक 52 दिवस चालला. लोकांनी मस्जिद-ए-नबवीत रात्र जागून तौबा केली. लाव्हा शहराकडे सरकत आला आणि अलीकडेच थांबला. सीरियात राहणाऱ्या इमाम नववींनी ‘आमच्या काळातली आग’ म्हणून तिची नोंद केली आहे. हदीसमध्ये आलेली हिजाजची आग हीच, असे अनेक उलेमा मानतात. आज हौशी लोक त्या सुळक्यांवर चढायला जातात. उमऱ्याला जाणाऱ्यांनी निदान खिडकीतून तरी नीट पाहावे.

जोहरची वेळ झाली. गोमुखाचे पाणी हाताला सोसेना. दादींनी लोटा भरून निवत ठेवला, मग वुजू केला. नात तोवर खिशात काळे खडे भरत होती.